कोकण किनाऱ्यावरील वृक्षनिवड : वनस्पतिनामांची साक्ष

समुद्रकाठच्या घराभोवती कोणती झाडे लावावीत, हा प्रश्न वरवर पाहता उद्यानशास्त्राचा होय. कोकणात तो इतिहासाचाही आहे. तेथील निवडीची लेखी नोंद तुटक असली, तरी वनस्पतींच्या नावांत तिची खूण टिकून आहे. या नावांचे थर उलगडले असता कोणते झाड कोणत्या कामासाठी स्वीकारले गेले, याचा बराचसा उलगडा होतो.

भरतीच्या रेषेच्या किंचित वर, उघड्या वाळूत पसरणाऱ्या जांभळ्या फुलांच्या वेलीस ‘मर्यादवेल’ म्हणतात. हे नाव रूपावरून नव्हे, तर स्थानावरून पडले आहे. समुद्राची मर्यादा दाखविणारी आणि पेरापेरांशी रुजून वाळू धरून ठेवणारी ही वेल किनाऱ्याची पहिली रांग होय. तिच्या मागे केवडा, भेंडीचा वृक्ष आणि उंडी खारा वारा अंगावर घेतात. उंडीच्या बियांच्या तेलास ‘उंडेल’ हे स्वतंत्र नाव आहे. खोबरेल, करंजेल, एरंडेल यांच्याच घडणीचा हा शब्द असून त्यात मूळचा ‘तैल’ शब्द प्रत्ययासारखा उरला आहे. उंडेल दिव्यात जळत असे. म्हणजे वारा अडविणारे झाड घराच्या उपयोगाचेही होते.

या आडोशाच्या आत माड, आणि माडांच्या सावलीत पोफळी, अशी आगराची रचना होय. झाड माड, फळ नारळ; झाड पोफळ, फळ सुपारी. शहाळे, खोबरे, करवंटी, झावळी असे प्रत्येक अंगास वेगळे नाव मिळते, ते दीर्घ सहवासामुळेच. कोची येथील डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याच्या ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये निघाला. त्याचा आरंभ नारळाने होतो. या ग्रंथास रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र जोडलेले आहे. स्थानिक नावे हीच ज्ञानाची किल्ली आहे, हे त्या संपादकाने ओळखले होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी रयतेचे आंबे, फणस बळाने तोडू नयेत, अशी ताकीद आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत.

दुसरा थर समुद्रापलीकडचा. काजू मूळ ब्राझीलचा. तेथील तुपी भाषेतील नाव पोर्तुगीजांच्या मुखातून आपल्याकडे आले. आकोस्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५७८ च्या ग्रंथात या झाडाचे वर्णन आहे. हलक्या, उताराच्या जमिनीत तग धरणारा काजू इतका रुळला की त्याचे परकेपण केवळ व्युत्पत्तीत उरले.

तिसऱ्या थरातील ‘सुरू’ हे नाव मात्र सावधपणे वाचावे लागते. फारसी ‘सर्व’ म्हणजे बागेतील सरळसोट सायप्रस. आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया येथील एक निराळेच झाड १८६८ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कारवार येथे प्रामुख्याने जळणासाठी लावण्यात आले; त्या जातीस मराठीत सुरू हे नाव मिळाले, ते केवळ दिसण्यातील साम्यामुळे. ‘मर्यादवेल’ हे नाव कार्य सांगते. ‘सुरू’ हे नाव फक्त आकार सांगते. सुरू झपाट्याने वाढतो आणि वारा अडवितो, हे खरे. परंतु त्याच्या दाट पालापाचोळ्याखाली इतर वनस्पती फारशा उगवत नाहीत.

हा भेद आज केवळ शब्दकोशापुरता उरलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील माड व पोफळी मोठ्या संख्येने पाडल्या. पुन्हा उभे राहण्यास त्यांना वर्षे लागतात. कोणतीही रांग अशा वादळास पूर्णपणे रोखील, असे म्हणता येणार नाही. तथापि नव्या घरांपुढची मर्यादवेल व केवडा उपटून तेथे हिरवळ अंथरणारा मालक वाळू धरणारी पहिली रांगच मोडतो. जुन्या नावांचा क्रम हाच लागवडीचा क्रम आहे : आधी मर्यादवेल, मग केवडा-उंडी, आणि आत माड-पोफळ. ही नावे बोलीतून गेली, तर त्यांबरोबर हा क्रमही जाईल. म्हणून किनाऱ्यावरील वनस्पतिनामांचे गावोगाव संकलन हे भाषाभ्यासकाचे तातडीचे कर्तव्य ठरते.