खरे गवत आणि अंथरलेले गवत

अमेरिकेतील घटक राज्यांच्या कायदेमंडळांत एक चांगली प्रथा आहे. विधेयक समितीपुढे आले की त्यावर जाहीर सुनावणी होते आणि सामान्य नागरिकालाही तेथे उभे राहून आपले म्हणणे मांडता येते. वेळ मात्र मोजका, पुष्कळ ठिकाणी दोन किंवा तीन मिनिटे. गेल्या दीड दशकात अशा सुनावण्यांमध्ये एक कहाणी राज्याराज्यांतून पुन्हा पुन्हा सांगितली गेली. तिचा आशय थोडक्यात असा : मी वीस-पंचवीस वर्षे सिगारेट ओढत होतो. निकोटीनच्या गोळ्या, पट्ट्या, च्युइंगगम सगळे करून पाहिले. शेवटी या वाफेच्या यंत्रामुळे सिगारेट सुटली, आता तेच बंद करू नका.

हे यंत्र म्हणजे ई-सिगारेट आणि ते ओढणे म्हणजे वेपिंग. त्यावर निर्बंध घालू पाहणाऱ्या राज्यांना सामान्य माणसांनी जो विरोध केला, त्याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. ई-सिगारेटची तरफदारी करणे हा हेतू नाही. एखाद्या माणसाची खरी साक्ष आणि शास्त्रीय पुरावा यांचे नाते काय असते, आणि लोकांच्या आवाजाची कोणी नक्कल केली तर पुढे खऱ्या आवाजाचे काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

यंत्र कसे चालते?

२००३च्या सुमारास होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने आजच्या ई-सिगारेटचे रूप सिद्ध केले. तिच्यात एक विद्युतघट, एक तापणारी तार आणि द्रव भरलेली कुपी असते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादद्रव्ये असतात. तार तापली की द्रवाची वाफ होते. ती थंड हवेत येताच तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. ओढणारा जे आत घेतो ते या थेंबांचे धुके असते. आपण सोयीसाठी त्याला वाफ म्हणतो इतकेच.

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. जळण्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायने तयार होतात, आणि कर्करोग व हृदयरोग मुख्यतः त्यांच्यामुळे होतात. ई-सिगारेटमध्ये ज्वलन नाही, म्हणून यांपैकी बरेच पदार्थ तिच्या धुक्यात नसतात किंवा फार कमी असतात. पण तार जास्त तापली तर फॉर्माल्डिहाइडसारखी अपायकारक द्रव्ये तिच्यातूनही निघतात. शिवाय व्यसन लावणारे निकोटीन दोहोंत आहेच. तेव्हा ‘सिगारेटपेक्षा कमी घातक’ आणि ‘निर्धोक’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पुढच्या सगळ्या वादात हा फरक वारंवार पुसला गेला.

बोलण्याची जबाबदारी ग्राहकावर कशी आली?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरुवातीला या यंत्रांना औषधी साधने मानून त्यांची आयात अडवली. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, रोग किंवा व्यसन बरे करण्याचा दावा कंपनी करत नसेल, तर हे औषध नसून तंबाखूचे उत्पादन मानावे.

या निकालाचा परिणाम मोठा गमतीचा झाला. ‘याने सिगारेट सुटते’ असे कंपनीने म्हटले की तिची वस्तू औषध ठरणार आणि तिला औषधाच्या कठोर चाचण्या द्याव्या लागणार. म्हणून हे वाक्य कंपनीला उच्चारता येईना. ते मोकळेपणाने उच्चारू शकत होता तो फक्त ग्राहक.

२००९ साली अशा ग्राहकांची एक संघटना स्थापन झाली होती. तिचे नाव ‘कासा’, म्हणजे धूरविरहित पर्यायांसाठी ग्राहकांची संस्था. एखाद्या राज्यात करवाढीचे, स्वादबंदीचे किंवा विक्रीबंदीचे विधेयक आले की कासा सभासदांना सूचना पाठवी : विधेयकाचा क्रमांक अमुक, समितीचे सदस्य अमुक, सुनावणी अमुक दिवशी. आपली हकिकत आपल्या शब्दांत सांगा, असा आग्रहही असे. संस्थेने अशा हजारो हकिकती गोळा केल्या. वेपच्या छोट्या दुकानांचे मालकही या कामात उतरले. त्यांतले बरेच जण स्वतः सिगारेट सोडलेले होते, आणि दुकान हीच त्यांची उपजीविका होती.

जुन्या नकलेची सावली

मग समितीतील सदस्य या माणसांकडे संशयाने का पाहत? याचे उत्तर आधीच्या काळात आहे.

इंग्रजीत तळागाळातून आलेल्या चळवळीला ‘ग्रासरूट्स’, म्हणजे गवताच्या मुळांपासून उगवलेली, म्हणतात. १९८५ साली टेक्सासचे सिनेटर लॉईड बेन्टसन यांच्याकडे पत्रांचा ढीग आला. तो विमा कंपन्यांच्या हितासाठी घडवून आणलेला होता. खरे गवत कोणते आणि ॲस्ट्रोटर्फ कोणते हे आपल्याला कळते, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारला. ॲस्ट्रोटर्फ आपल्याला हॉकीमुळे ठाऊक आहे. लांबून ते हिरवेगार दिसते, पण त्याला मुळे नसतात. पैसे देऊन उभ्या केलेल्या जनमताला तेव्हापासून तेच नाव पडले.

तंबाखू कंपन्यांनी हे तंत्र पूर्णत्वास नेले. १९९३ मध्ये ‘नॅशनल स्मोकर्स अलायन्स’ नावाची धूम्रपान करणाऱ्यांची संघटना निघाली. ती सामान्य नागरिकांच्या हक्कांची भाषा बोलत असे. प्रत्यक्षात तिच्यामागे फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचा पैसा आणि बर्सन-मार्स्टेलर या जनसंपर्क कंपनीची योजना होती. १९९८ मध्ये मिनेसोटा राज्याचा खटला आणि त्यानंतर राज्यांशी झालेली मोठी तडजोड यांतून तंबाखू कंपन्यांची लक्षावधी अंतर्गत कागदपत्रे खुली झाली, आणि अशा योजना जगाला वाचायला मिळाल्या.

त्यामुळे २०१० नंतर एखादा ट्रकचालक किंवा परिचारिका समितीपुढे उभी राहिली, की सदस्यांच्या मनात पहिला प्रश्न येई : याला कोणी पाठवले? तो माणूस स्वतःच्या खर्चाने आला असला तरी हा प्रश्न चुकत नसे. एका पिढीच्या नकलेची किंमत दुसऱ्या पिढीतील खऱ्या माणसांना मोजावी लागली.

पुढे हा संशय आणखी गडद झाला. २०१५ मध्ये ज्यूल नावाची ई-सिगारेट बाजारात आली. नेहमीचे निकोटीन अल्कधर्मी असल्याने घशाला झोंबते. ज्यूलने त्यात बेन्झोइक आम्ल घालून त्याचा क्षार वापरला. त्यामुळे निकोटीनचे प्रमाण बरेच असूनही ते सहज ओढता येई. डिसेंबर २०१८ मध्ये फिलिप मॉरिसची पालक कंपनी आल्ट्रिया हिने ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना विकत घेतला. ज्यांच्यापासून आम्ही सुटलो असे वेपिंग करणारे सांगत होते, तेच आता त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले.

२०१९ : दोन संकटे, एक गोंधळ

शाळांच्या दृष्टीने खरे संकट वेगळेच होते. राष्ट्रीय पाहणीनुसार २०११ मध्ये तेथील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील १.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढत. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.८ टक्के आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. यांतील पुष्कळ मुलांनी कधी सिगारेट ओढलीही नसती. पालक आणि शिक्षकही सुनावण्यांना येऊ लागले, आणि त्यांची साक्षही तितकीच खरी होती.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात वेपिंग करणारे तरुण फुप्फुसांच्या गंभीर विकाराने रुग्णालयांत दाखल होऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील ६८ जण दगावले. सप्टेंबर २०१९ मध्ये मिशिगन आणि न्यूयॉर्क यांनी स्वादयुक्त ई-सिगारेटींवर तातडीची बंदी जाहीर केली. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी तर २४ सप्टेंबरला सर्वच वेपिंग उत्पादनांची विक्री चार महिने थांबवली.

पण कारण कोणते? रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रव तपासल्यावर ५१ पैकी ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. हा तेलकट पदार्थ मुख्यतः काळ्या बाजारातील गांजाच्या अर्काच्या कुप्यांत भेसळ म्हणून घातला जाई. दुकानात मिळणाऱ्या निकोटीनच्या द्रवाशी बहुतेक रुग्णांच्या आजाराचा संबंध नव्हता. मुलांचे व्यसन हे बंदीचे सबळ कारण होते, पण फुप्फुसांच्या आजाराचे भय त्यात मिसळल्याने विरोधकांच्या हाती कोलीत मिळाले. सरकार खोटे बोलते, असे ते म्हणू लागले. विश्वास असा दोन्हीकडून आटला.

न्यायालयांनी मिशिगन व न्यूयॉर्कच्या आदेशांना ऑक्टोबरमध्ये स्थगिती दिली. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनीही लोकांचे म्हणणे न ऐकता काढलेल्या आदेशाबद्दल सरकारला सुनावले. मात्र तेथील कायदेमंडळाने रीतसर विधेयक मंजूर केले आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी स्वादयुक्त तंबाखू उत्पादनांवर, मेंथॉल सिगारेटींसह, कायमची बंदी घालणारे ते पहिले राज्य ठरले.

त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ वेपिंग करणाऱ्यांचा मेळावा भरला. ‘आम्ही वेप ओढतो, आम्ही मतही देतो’ ही त्यांची घोषणा होती. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने स्वादबंदीचा निर्धार जाहीर केला होता. जानेवारी २०२० मध्ये प्रत्यक्ष धोरण आले ते बरेच मवाळ होते. कुप्यांमधले मेंथॉल वगळले गेले, आणि वापरून फेकायची यंत्रेही सुटली. परिणाम लगेच दिसला. वेपिंग करणाऱ्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्ये फेकायची यंत्रे वापरणारे २०१९ मध्ये २.४ टक्के होते, ते २०२० मध्ये २६.५ टक्के झाले. प्रौढांच्या चळवळीला जी सवलत मिळाली, तिच्यातून मुलांनी वाट काढली.

मतपेटीपुढे मात्र खरे-खोटे लवकर उघडे पडले. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने ई-सिगारेटींची विक्री थांबवली. ती उठवण्यासाठी ज्यूलच्या पैशावर ‘वाजवी वेपिंग नियमनासाठी आघाडी’ या भारदस्त नावाने मोहीम निघाली. चारपंचमांश मतदारांनी तिला नकार दिला. कॅलिफोर्नियाच्या स्वादबंदीविरुद्ध तंबाखू कंपन्यांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ६३ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने कौल दिला.

साक्षीचे वजन किती?

सिगारेट सोडलेल्यांचे म्हणणे निराधार होते काय? तसेही नाही. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षअखेर ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के, तर निकोटीनच्या पट्ट्या वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. म्हणजे साक्षींमधील दाव्याला प्रयोगाचा आधार मिळाला. पण याच प्रयोगाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. ई-सिगारेटने यशस्वी झालेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. दुसऱ्या गटातील यशस्वी लोकांत पट्ट्या वगैरे चालू ठेवणारे ९ टक्केच होते. आणि ई-सिगारेटच्या गटातही ८२ टक्क्यांची सिगारेट सुटली नव्हती. समितीपुढे साक्ष द्यायला हे ८२ टक्के येत नाहीत. साक्षीची मर्यादा नेमकी येथे आहे. ती खोटी नसते, पण फक्त यशस्वी माणूसच ती द्यायला येतो.

आपल्याकडे

भारतात मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या विक्रीविरोधी परिपत्रकाला स्थगिती दिली. मग १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेचा युक्तिवाद येथे जसाच्या तसा लागू होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. २०१६-१७च्या पाहणीनुसार आपल्याकडे २१.४ टक्के प्रौढ तंबाखू खातात किंवा मशेरी लावतात, आणि १०.७ टक्के ओढतात. ओढणाऱ्यांतही सिगारेटपेक्षा विडीवाले अधिक. मशेरीवाल्या आजीला ई-सिगारेटचा काय उपयोग? पण कोपऱ्यावरची सिगारेट चालू आणि तिच्याहून कमी घातक यंत्र बंद, हा बंदीच्या विरोधकांचा प्रश्न मात्र आपल्यालाही विचारता येतो, आणि वर्गात त्याची चर्चा व्हायला हरकत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे

नववी-दहावीच्या मुलांचे चार गट करावेत : सिगारेट सोडलेला प्रौढ, दुकानदार, पालक आणि डॉक्टर. प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत. उरलेल्या वर्गाने समिती व्हावे आणि प्रत्येक साक्षीदाराला चारच प्रश्न विचारावेत. तुमच्या येण्याचा खर्च कोणी केला? हे तुम्ही स्वतः अनुभवले की ऐकले? तुमच्यासारखे किती, आणि तुमच्याहून वेगळा अनुभव आलेले किती? तुमचे ऐकले तर त्रास कोणाला होईल?

पहिला प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारावा, डॉक्टरांनाही. मात्र त्याच्या उत्तरावरून साक्ष एकदम फेकून देऊ नये. उरलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येईपर्यंत समितीने निकाल लिहू नये, एवढा नियम मुलांना आधीच सांगून ठेवावा.