गोधडी शिवणारीचे वर्ष

पुण्याच्या इतिहासाचा विषय निघाला की प्रथम पेशवे दफ्तराची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. राजवाड्यांनी 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. पुढे 1930 ते 1934 ह्या काळात रियासतकार सरदेसायांनी दफ्तरातील निवडक कागद 45 खंडांत प्रसिद्ध केले. अशा जुन्या कागदांचे गठ्ठे ज्या कापडात बांधून ठेवीत, त्यास रुमाल म्हणत. आम्हां अभ्यासकांची सवय अशी की, रुमाल सोडावा, कापड बाजूस सारावे आणि कागद वाचू लागावे. ह्या सवयीमुळे कापडाचाच जो एक इतिहास आपल्या घरोघरी घड्या घालून ठेविलेला होता, तो वाचावयाचा राहून गेला. तो इतिहास म्हणजे गोधडी. आणि तिची कर्ती म्हणजे पेठांतील वाड्याच्या ओसरीवर किंवा वस्तीतील दाराशी बसून ती शिवणारी स्त्री.

हिच्या वर्षाचा आरंभ चैत्रात नव्हे, तर आश्विनात धरावा. घटस्थापनेपूर्वी घरातील झाडून सारी अंथरुणे-पांघरुणे धुवून काढण्याची आपल्याकडे रीत आहे. पूर्वी त्यांसाठी मुठेचा काठ व कालवा गाठीत. भिजलेली गोधडी एकटीदुकटीस उचलत नसे, दोघी दोन टोके धरून ती पिळीत. ह्या धुण्यात कोणती शिवण उसवली, कोठला पदर विरला, हे उघडे पडे, आणि मग शिवणारीकडे निरोप जाई. दिवाळीनंतर पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीत ऐकू येऊ लागे. परंतु कापसाची गादी हे पिंजाऱ्याचे काम. गोधडीत नवा कापूस नाही, सगळी ऊब जुन्या वस्त्रांच्या थरांची. मार्गशीर्ष-पौषात हिला उसंत नसते. पुण्याची थंडी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ज्या वेधशाळेचे मुख्य कार्यालय 1928 साली सिमल्याहून येथे आले, तिच्या नोंदीप्रमाणे जानेवारी 1935 मध्ये येथील तपमान 1.7 अंशांपर्यंत उतरले होते.

माघ सरला की मागणी ओसरते. वैशाखात मिळालेली जुनी लुगडी-धोतरे धुवून कडकडीत उन्हात वाळवावयाची, काठ उसवून वेगळे करावयाचे, धड भाग व जीर्ण भाग निवडावयाचे. कारण जीर्ण कापड आत जाते आणि धड कापड वर येते. आषाढ-श्रावणात जमीन ओलसर असते, मोठे काम पसरावयास कोरडी जागा नसते. तेव्हा मांडीवर मावतील अशी दुपटी आणि कुंच्या शिवून ती दिवस काढते. येणेप्रमाणे जे आपणांस केवळ ऋतुमान, ते तिचे जमाखर्चाचे पुस्तक आहे.

आता ह्या वस्तूत इतिहास तो कोणता, असे कोणी विचारील. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट कापड. त्याची चौपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबीचे चार थर एका लुगड्यातच मिळत. सहावारी साडीच्या 18 फुटांत तेवढ्या लांबीचे तीन थरही पुरे बसत नाहीत. पोशाखातील हा पालट आम्ही सामाजिक सुधारणेच्या प्रकरणात नोंदवितो; शिवणारीस तो थर कमी पडल्याने कळला. 1943 साली युद्धकाळात सरकारने कापडावर नियंत्रण आणिले, तेव्हा जुनेरासही मोल आले. पुढे कृत्रिम धाग्यांच्या साड्या घरोघर आल्या. त्या लवकर फाटत नाहीत, हा नेसणारीस गुण. परंतु त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि त्या घाम टिपीत नाहीत, हा शिवणारीस दोष. काठाकडून आत, चौकटीमागून चौकट अशी धावदोऱ्याची शिवण घालीत ती मध्यापर्यंत जाते. थर घसरले तर तेथे पोहोचेपर्यंत चोळ पडतो आणि अर्धे काम उसवावे लागते.

ही कला केवळ आपलीच नव्हे. बंगालात कांथा आहे, कर्नाटकात कौदी आहे. बौद्ध भिक्षूंनी टाकलेल्या चिंध्यांचे चीवर केले, त्यास पांसुकूल म्हणत, आणि त्याची गणना व्रतात झाली. विरक्ताने चिंधी जोडली तर ते वैराग्य, आणि गृहिणीने जोडली तर ती काटकसर, हा भेद कोणत्या न्यायाने?

ह्याहून बोचणारी गोष्ट मजुरीची आहे. जोवर आजी किंवा आई गोधडी शिवीत होती, तोवर त्या श्रमास माया हे नाव होते. शिवावयास परकी बाई आली, तेव्हा मायेची किंमत पैशांत होईना, आणि श्रमाची करावी असे कोणास वाटेना. 'कापड तर आमचेच, मग एवढी मजुरी कसली?' हे वाक्य मध्यमवर्गातील आम्ही सर्वांनी कधी ना कधी उच्चारिले आहे. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. बाई काही बोलली नाही. तिने सुई पदराला टोचली आणि सांगितले ते पैसे घेतले. त्या गोधडीत आमच्या मातोश्रींचे लुगडे होते. ते आम्ही अमोल म्हणत होतो, आणि ते टिकवून देणारीशी घासाघीस करीत होतो.

पितळेचा दिवा उरतो, ताम्रपट उरतो. गोधडी जीर्णातून होते आणि वापरानेच पुन्हा जीर्ण होते. म्हणून तिचा कर्ता कोण, हे पुढील पिढीस सांगणारे काही मागे राहत नाही. ही उणीव भरून काढणे अवघड नाही. घरी गोधडी शिवून घेताना शिवणारीचे नाव, तिथी, लागलेले दिवस आणि दिलेली मजुरी एवढे घरच्या वहीत टिपून ठेवावे. मजुरीचा आकडा लिहिताना हात अडखळला, तर तो आकडा वाढवून मग लिहावा.