राजा जिंजीस असताना

माणसे कशी जोडावी आणि कशी राखावी, हा विषय निघाला की आपले बोट सहज शिवछत्रपतींकडे जाते. ते योग्यच आहे. पण त्यात एक अडचण आहे. असा पुरुष मध्ये उभा असल्यावर भोवतालची माणसे एकत्र राहिली यात नवल ते काय? आम्हांला अधिक विचार करावासा वाटतो तो त्यांच्या पश्चात आलेल्या एका काळाचा. मध्ये उभा राहणारा पुरुषच तेव्हा जागेवर नव्हता आणि तरीही राज्य बुडाले नाही. ते कोणत्या माणसांनी तगवले आणि त्याची किंमत काय पडली, एवढेच आज पाहू.

1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरास पकडले गेले आणि 11 मार्च रोजी त्यांचा वध झाला. जुल्फिकारखानाचा वेढा रायगडास पडला. गडावर येसूबाई, बाल शाहू आणि राजाराम महाराज. सर्वांनी एका गडावर अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर पडावे, हा सल्ला येसूबाईंनी दिला. स्वतःचा मुलगा गादीचा वारस असताना दिरास राज्य राखायला पाठवून आपण वेढ्यात राहणे याला काय म्हणावे? नोव्हेंबरात रायगड पडला आणि मायलेकरे कैदेत गेली. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून त्याच सुमारास दूर तामिळ मुलखात जिंजीस पोचले. ते परत यायला आठ वर्षे उलटली.

इकडे महाराष्ट्रात मागे राहिले रामचंद्रपंत अमात्य. 1674 च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत बसलेला हा माणूस. त्यांना ‘हुकूमतपनाह’ असा किताब देण्यात आला. म्हणजे, विचारायला जिंजीस माणूस धाडून उत्तराची वाट पाहत बसू नका, राजाच्या जागी तुम्हीच निकाल करा. या एका गोष्टीचे महत्त्व आम्हांला फार वाटते. आपल्याकडे जबाबदारी देताना हात मोकळा सुटतो आणि अधिकार देताना मूठ आवळली जाते. घराघरांत, मंडळांत, कचेऱ्यांत हे आपण रोज पाहतो. इथे तसे झाले नाही. निदान आरंभी तरी नाही.

पंतांनीही तीच रीत पुढे चालवली. शंकराजी नारायणांनी मावळातली बाजू धरली आणि 1690 सालीच राजगड, तोरणा, प्रतापगड पुन्हा घेतले. परशुराम त्रिंबक हे किन्हईचे कुळकर्णी. लेखणी घेऊन आयुष्य काढायचे, ते या धामधुमीत तलवार बांधून पुढे आले आणि 1692 साली त्यांनी पन्हाळा घेतला. पंतांनी त्यांचे कूळ किंवा मागील हुद्दा पाहिला नाही; उरक पाहिला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांना तर जागाच नेमून दिलेली नव्हती. मोगली फौज जड, तोफा आणि बाजारबुणगे घेऊन चालणारी. हे हलके, आज कृष्णाकाठी तर काही दिवसांनी कर्नाटकात. बादशहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस संताजीने कापून आणल्याची गोष्ट बखरीत येते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, शत्रूच्या छावणीत त्याचा धाक किती होता हे तीवरून कळते. 1695 च्या नोव्हेंबरात त्याने दोड्डेरीस कासिमखानाला कोंडून नेस्तनाबूत केले; पुढच्या जानेवारीत बसवापट्टणाजवळ हिंमतखान पडला. दोन महिन्यांत दोन नामांकित सरदार!

मात्र या कारभाराला पैसा कोठला? खजिना गेला, मुलूख गेला, रोख पगार देण्याची शिवकालीन पद्धत चालवायची कशाच्या बळावर? तिकडे बादशहा मराठे देशमुखांना वतने व मनसबी देऊन ओढीत होता. जिंजीहून 1690 साली कारीच्या सर्जेराव जेध्यांना गेलेले पत्र उपलब्ध आहे. कर्नाटकात एवढी फौज जमली आहे, तुम्ही जमावासह येऊन मिळा, असा त्याचा सूर. हा सूर हुकमाचा नव्हे, मनधरणीचा आहे. जे घराणे अफजलखानाच्या वेळी शिवरायांच्या शब्दासरशी उभे राहिले, त्यालाच आता समजावावे लागत होते. मग वतने द्यावी लागली. जो जिंकील त्याचा मुलूख, अशी वचने निघाली. 1691 साली घोरपड्यांना दिलेल्या वचनात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद यांच्यापुढे थेट दिल्ली येते! वाचताना हसू येते, आणि मग हसू मावळते. स्वतःच्या राजधानीत पाय ठेवायला जागा नसलेला राजा दिल्ली जिंकल्यावरचे बक्षीस ठरवतो आहे आणि त्या शब्दावर माणसे घोड्यावर बसत आहेत.

उपाय लागू पडला, माणसे परतली. पण जिंजीची सनद एकाच्या हाती आणि त्याच वतनाची इकडची सनद दुसऱ्याच्या हाती, असे तंटेही उभे राहिले. आणि एक मोठा तंटा होता, तो वतनाचा नव्हता. दोन माणसांचा होता.

संताजी शिस्तीला अतिशय कडक. चूक झाली की क्षमा नाही. त्याचा बाप म्हाळोजी संगमेश्वरी महाराजांसाठी लढता लढता पडलेला. त्या घरच्या माणसाला दुसऱ्याचा ढिलेपणा सोसवत नसावा. धनाजी मोकळा, गोड बोलणारा, शिपायांच्या गळ्यातला ताईत. एकाने शत्रूला धाक घालावा आणि दुसऱ्याने आपली माणसे सांभाळावी, अशी ही जोडी होती. तिला सांधणारा कोणी जवळ हवा होता. पंत विशाळगडाकडे, राजा जिंजीत, आणि जिंजीच्या दरबारात कान भरणारे पुष्कळ. ज्या राजाने पंतांना मुक्त हात दिला, त्यालाच संताजीचा फटकळपणा सोसला नाही. दोघांपैकी एकाची बाजू घेणे सोपे वाटले, आणि 1696 साली सेनापतिपद धनाजीकडे गेले. दोन मराठी फौजा एकमेकींवर चालून गेल्या. त्या झुंजीत अमृतराव निंबाळकर धरला गेला आणि संताजीने त्याला ठार करविले. पुढच्या वर्षी, 1697 च्या जूनमध्ये, शंभुमहादेवाच्या डोंगराळ मुलखात अमृतरावाचा मेहुणा, म्हसवडचा नागोजी माने, याने एकट्या पडलेल्या संताजीला मारले आणि त्याचे शीर बादशहाकडे पाठविले. कासिमखानाला जे जमले नाही, हिंमतखानाला जे जमले नाही, ते अशा रीतीने झाले.

आम्हांला इथे राजाराम महाराजांना बोल लावायचा नाही. वेढ्यात बसून, दूरच्या बातम्यांवर निवाडा करणे काय असते, हे वेढ्याबाहेर बसून सांगणे फुकाचे. पण हा निवाडा चुकला, एवढे म्हणावेच लागते.

1698 च्या आरंभी जिंजी पडली, पण महाराज त्याआधीच निसटले होते. 2 मार्च 1700 रोजी ते सिंहगडावर वारले. ताराबाईंनी सात वर्षे राज्य लढवले, आणि 1707 साली औरंगजेब अहमदनगरास मेला. त्याच वर्षी शाहू सुटून आले आणि खेडच्या लढाईत धनाजी त्यांच्याकडे गेला. अठरा वर्षे एकत्र राहिलेली माणसे पुढे वर्षभरही एकत्र राहिली नाहीत. शत्रू होता तोवर कोणाची दौलत कोणाच्या नावे हा प्रश्न टळत आला होता. तो आता दारात उभा होता.

याच्या पुढचे पान आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले आहे. 1715 च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील ग्रंथ तयार झाला. तो रामचंद्रपंतांच्या नावे ओळखला जातो. त्यात वतनदारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हे लोक स्वतःला राज्याचे वाटेकरी समजतात, दुबळ्याची जमीन बळकावतात, परचक्र आले की आपल्या वतनाच्या आशेने आधी शत्रूला भेटतात, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. त्यांना बुडवू नये, मोकळेही सोडू नये. स्नेह आणि दंड यांच्या मध्ये ठेवावे. सेवकाने पराक्रम केला तर त्याला धन द्यावे, मान द्यावा. चाकरीबद्दल वंशपरंपरेची जमीन देऊ नये.

हे लिहिताना पंतांचे वय साठीच्या पुढे गेले होते. ज्या हाताने ते लिहविले, त्याच हाताने संकटाच्या वर्षांत वतनाच्या सनदा निघाल्या होत्या. ग्रंथात त्यांनी त्याची सबब सांगितलेली नाही.