निपाणी : विडी ते डिलिव्हरी, मालक-कामगार संबंध

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे पुणे-बंगळूर महामार्गावरील मराठीभाषक शहर विडीच्या तंबाखूची मोठी पेठ म्हणून ओळखले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत ते तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. येथील कामगार इतिहास एका प्रश्नाभोवती फिरत राहिला : काम करून घेणारा तो मालक की केवळ गिऱ्हाईक? घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे कामगार यांच्यातील आजच्या बेबनावाचे मूळही याच प्रश्नात आहे.

विडी उद्योगात पाने, तंबाखू व दोरा ठेकेदाराकडून घ्यावयाचा, घरी विड्या वळावयाच्या आणि त्या मोजून परत द्यावयाच्या, अशी पद्धत रूढ होती. मजुरी हजार विड्यांवर ठरे. तपासणीत नापसंत विड्या, म्हणजे 'छाट', वगळल्या जात व त्यांची मजुरी बुडे. तक्रार केल्यास मालक ठेकेदाराकडे बोट दाखवी. कारखान्यात बसून वळणाऱ्यांची स्थितीही संदिग्धच होती. डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका विडी कारखान्यातील मजुरांना कामगार ठरविले. पुढच्याच वर्षी, शंकर बालाजी वाजे खटल्यात, बहुमताने उलट निकाल लागला. येण्याजाण्याची वेळ मजूर स्वतः ठरवितो, हे त्यातील एक प्रमुख कारण होते. 'हवे तेव्हा लॉगिन करा' हा आजचा युक्तिवाद ऐकताना या निकालाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

ही संदिग्धता १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने बऱ्याच अंशी दूर केली. घरी वळणारी स्त्री आणि ठेकेदारामार्फत काम करणारा मजूर, दोघेही कायद्याच्या कक्षेत आले. म्हैसूर राज्याच्या नियमांनी छाटीवर सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांची मर्यादा घातली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला.

कागदावरचा हक्क पदरात पडण्यास मात्र संघटना लागली. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने निपाणीत प्रथम विडी कामगार आणि १९८० च्या सुमारास तंबाखूच्या वखारींतील स्त्रिया संघटित झाल्या. धुळीत दिवसभर तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या या स्त्रियांना मजुरीइतकीच सन्मानाच्या वागणुकीचीही चाड होती. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. छाया दातार यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला.

डिलिव्हरी कामगाराच्या बाबतीत ठेकेदाराची जागा अ‍ॅपने घेतली आहे. दर बदलला किंवा खाते बंद झाले, तर दाद मागण्यासाठी समोर माणूसच नसतो. कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्याने खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारणांसह १४ दिवसांची सूचना आवश्यक केली आहे, तसेच प्रत्येक व्यवहारावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्काची तरतूद केली आहे. त्यांना कामगाराचा पूर्ण दर्जा देण्याचे मात्र या कायद्याने टाळले आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच 'पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर' काम करणारा अशी आहे. त्याच दिवशी १९६६ चा विडी कामगार कायदा रद्द होऊन त्यातील विषय दुसऱ्या संहितेत गेला.