नव्याण्णव भाग थोरियम, एक भाग सिरियम

खेड्यात वीज पोचण्याआधी वर्धा जिल्ह्यात रात्रीचा मोठा उजेड एकच होता, गॅसबत्तीचा. मोहरमची सवारी निघो, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला गर्दी जमो, आर्वीकडची वरात असो की रात्रभराची कव्वाली किंवा कीर्तन, डोक्यावर गॅसबत्ती घेतलेला माणूस लागायचाच. घराघरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असे, पण त्याचा उजेड ओसरीपुरता. तीनशे-चारशे मेणबत्त्यांचा उजेड देणारी गॅसबत्ती सगळ्या गल्लीची असे.

हा उजेड मातीच्या तेलाचा होता असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. तेलाची वाफ जळते तेव्हा फिकट निळी ज्योत मिळते, तिच्यात माणसाचा चेहरा ओळखू येणार नाही. पांढरा झगझगीत उजेड येतो तो ज्योतीवर बांधलेल्या मेंटलमधून. पहिल्यांदा काडी लावली की मेंटलचे कापड जळून जाते आणि मागे राखेची एक नाजूक जाळी उरते. फुंकर मारली तर मोडेल अशी. त्या राखेत ९९ टक्के थोरियमचे ऑक्साइड असते आणि १ टक्का सिरियमचे.

हे दोन्ही धातू स्वीडनच्या एकाच रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखालून गेले. बर्झेलियसने १८०३ मध्ये हिसिंगरसोबत सिरियम शोधला. त्याच वर्षी जर्मनीत क्लापरोथलाही तो स्वतंत्रपणे सापडला. दोनच वर्षे आधी सेरेस हा लघुग्रह दिसला होता, त्याचे नाव या धातूला मिळाले. पुढे १८२८ मध्ये नॉर्वेहून आलेल्या एका काळ्या खनिजात बर्झेलियसला दुसरा धातू मिळाला. त्याला त्याने थोर या मेघगर्जनेच्या देवाचे नाव दिले. नंतरची साठेक वर्षे दोघेही प्रयोगशाळेच्या बाटल्यांतच पडून होते.

त्यांना बाहेर काढले व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने. १८८५ मध्ये त्याने पहिल्या मेंटलचे पेटंट घेतले, पण त्यात हे मिश्रण नव्हते. त्याचा उजेड हिरवट पडे. लोकांना तो आवडला नाही आणि कारखाना बंद पडला. १८९१ मध्ये त्याला ९९ आणि १ हे प्रमाण सापडले आणि युरोपातल्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवे बदलून गेले. मातीच्या तेलावर चालणारी पेट्रोमॅक्स ही बर्लिनची बत्ती त्यानंतरची, १९१० च्या सुमाराची.

प्रमाण असेच का, याचे उत्तर या दोघांच्या स्वभावात आहे. थोरियमचे ऑक्साइड ३३०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. ऑक्साइडांमध्ये इतका उष्णतेला टिकणारा दुसरा नाही. ज्योतीत ते आरामात राहते आणि मिळालेली उष्णता वाया घालवत नाही. पण डोळ्याला दिसेल असा उजेडही ते फारसा देत नाही. उजेड देतो सिरियम. मात्र त्याचे प्रमाण वाढवले तर तो उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने बाहेर टाकू लागतो, मेंटल थंडावते आणि उजेड मंद होतो. एकाने उष्णता धरून ठेवायची आणि दुसऱ्याने, तेही चिमूटभरच, तिचा उजेड करायचा, असा हा संसार.

एरवी त्यांच्यात साम्य कमीच. सिरियम सुरीने कापता येईल इतका मऊ, ७९५ अंशांवर वितळणारा आणि हवेत लगेच काळवंडणारा. थोरियम त्याच्या पावणेदोन पट जड आणि वितळायला १७५० अंश लागणारा. सिरियमला ‘दुर्मिळ’ म्हणतात ते नावापुरते. पृथ्वीच्या कवचात तो जवळपास तांब्याइतका आहे. थोरियमही युरेनियमच्या तीन-चार पट आहे. अडचण अशी की दोघेही एका जागी साठून राहत नाहीत. मोनाझाइट नावाच्या जड, पिवळसर वाळूत ते एकत्र सापडतात आणि ती वाळू मोजक्याच किनाऱ्यांवर आहे.

असा एक किनारा आपल्याकडे, त्रावणकोरात निघाला. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला तिथून आलेल्या काथ्याला चिकटलेली वाळू दिसली आणि ती मोनाझाइट असल्याचे त्याने ओळखले. थोड्याच वर्षांत ही वाळू जहाजांनी युरोपात जाऊ लागली. वाळू आपली, मेंटलचा धंदा त्यांचा.

याच काळातला दुसरा धागा वर्ध्याचा आहे. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. सूत्रे जे. सी. कुमारप्पांकडे होती. हा माणूस लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला, म्हणून खेड्यातल्या दिव्याकडेही त्याने हिशेबाच्या नजरेने पाहिले. मातीचे तेल परक्या कंपनीचे, त्याचा पैसा गावाबाहेर जातो. घाणीचे तेल गावातल्या तेल्याचे, पेंड गावातल्या बैलाची. म्हणून मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा कंदील तयार झाला. त्याचे नाव मगन दीप.

सूरह नूरमधला कोनाड्यातला दिवाही जैतुनाच्या तेलाचा आहे, हे मगन दीपाबद्दल वाचताना माझ्या मनात आल्याशिवाय राहिले नाही. पण मगन दीप गॅसबत्तीच्या जवळपासही जाऊ शकत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. वरातीत तो कोण मिरवणार? कुमारप्पांचा मुद्दा झगमगाटाचा नव्हताच. १९४५ मध्ये आलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात त्यांनी साठ्यावर चालणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था असा भेद केला. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठे, वापरले की संपणारे आणि म्हणून भांडणे लावणारे. शेतीतून येते ते दर वर्षी पुन्हा येते. मला वाटते, थोरियमबाबत त्यांचे हे म्हणणे फार लवकर खरे ठरले.

अणुबॉम्बनंतर थोरियम एकदम सरकारी गुपित झाला, कारण अणुभट्टीत त्याच्यापासून युरेनियम-२३३ हे इंधन तयार होते. १९४७ मध्ये त्रावणकोरचे दिवाण स्वतंत्र राहण्याच्या गोष्टी बोलत होते, त्यांच्या या बळामागे ही वाळूही होती. १९४८ मध्ये अणुऊर्जेचा कायदा झाला आणि १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली. १९५३ मध्ये भारताने सुमारे एक टन थोरियम नायट्रेट चीनला विकले. हे मेंटल बनवण्याचेच रसायन, पण अमेरिकेने आक्षेप घेतला आणि तिच्या बॅटल कायद्यानुसार भारताची मदत थांबण्याची वेळ आली. प्रकरण वाटाघाटींनी मिटले. होमी भाभांनी मांडलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेत शेवटचा टप्पा थोरियमचा आहे. कल्पक्कमची कामिनी ही छोटी अणुभट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालते. मोठा टप्पा अजून पुढे आहे.

या सगळ्या मोठ्या राजकारणात एक साधी गोष्ट कोणी वरातीतल्या माणसाला सांगितली नाही. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धे अणू सरायला १४०० कोटी वर्षे लागतात, इतका तो संथ. त्याचे अल्फा कण कातडीही भेदत नाहीत, त्यामुळे बत्ती जवळ धरल्याने फारसे काही होत नाही. धोका राखेत आहे. जुने मेंटल बोटाने चुरडायचे, फुंकर मारून राख उडवायची आणि त्याच हातांनी जेवायला बसायचे, हे सर्रास चाले. राख श्वासातून आत गेली तर तिचे कण फुफ्फुसात राहतात. बत्ती वाहणाऱ्याला हा धोका कधीमधी. मेंटल बनवणाऱ्या कामगाराला मात्र रोजचा. १९९० नंतर अमेरिकेतल्या कोलमन कंपनीने थोरियम सोडून यिट्रियम घेतला. आपल्याकडे इंडियन रेअर अर्थ्स मेंटलवाल्यांना थोरियम नायट्रेट पुढेही पुरवत राहिली. तीन टप्प्यांच्या योजनेबद्दल शाळेच्या पुस्तकात वाचायला मिळते, राखेबद्दल मिळत नाही, याचा मला राग आहे.

सिरियमच्या वाट्याला असले काही आले नाही. आउअरनेच १९०३ मध्ये त्यात लोखंड मिसळून घासताच ठिणगी देणारा मिश्रधातू केला. चष्म्याच्या काचेला चकाकी आणायला सिरियमचे ऑक्साइड वापरतात, गाडीच्या धुराड्यातला विषारी धूर कमी करायलाही तेच. आणि पानटपरीवर दोरीला बांधून ठेवलेल्या लायटरचे चाक फिरवले की उडते ती ठिणगी सिरियमचीच असते.