थकव्यावर व्यायामाचा उतारा

तालमी आणि आखाडे यांसाठीं पुण्याची ख्याति जुनी आहे. तेथें व्यायाम म्हटला कीं जोर, बैठका नि मल्लखांब डोळ्यांपुढें उभे राहतात. ज्याला खुर्चीवरून उठतांना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, त्याचा व्यायामाशीं संबंध असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीच्या बाबतींत वैद्यकशास्त्रानेंहि दीर्घकाल असेंच मानलें.

ही व्याधि म्हणजे शरीरानें आपल्याच मज्जातंतूंवर केलेला हल्ला होय. तंतूंभोंवतालचें मायलिन नांवाचें आवरण ठिकठिकाणीं नष्ट होतें आणि मेंदूचे निरोप वाटेंतच अडखळतात. पाय जड होतात, दृष्टि अंधुक होते, झोपेनेंहि न जाणारा थकवा येतो. १८६८ सालीं पॅरिसच्या शार्को यानें तिचें व्यवस्थित वर्णन केलें. पुढें १८९० च्या सुमारास ऊटहॉफ या जर्मन नेत्रवैद्यास असें दिसलें, कीं श्रमानंतर रोग्याची दृष्टि तात्पुरती मंदावते. दोष वस्तुतः शरीर तापल्याचा होता. अंग निवलें कीं दृष्टि पूर्ववत् होई. पण लोकांनीं अर्थ घेतला तो एवढाच, कीं हलूं नये. रोगी पडून राहिले. न वापरलेल्या स्नायूंची दुर्बलता व्याधीच्या दुर्बलतेंत मिसळली, आणि कोणती कोणाची हें ओळखेनासें झालें. १९९६ सालीं अमेरिकेंतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनीं पंधरा आठवड्यांच्या व्यायामाचे सुपरिणाम प्रसिद्ध केले, तेव्हां कोठें ही समजूत ढळूं लागली.

पुण्यांत याच्या पुष्कळ आधीं निराळ्या वाटेनें काम सुरू झालें होतें. बी. के. एस. अय्यंगार १९३७ सालीं डेक्कन जिमखान्यावर योगासनें शिकविण्यास आले. हिवताप, विषमज्वर नि क्षय यांनीं त्यांचें बालपण पोखरलेलें होतें. दुबळ्या देहाची अडचण त्यांना पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं. ज्याला वांकतां येत नाहीं त्याच्या हाताखालीं लांकडी वीट, ज्याचा तोल जातो त्याला भिंतींतला दोर, ज्याला उभें राहवत नाहीं त्याला खुर्ची, अशी त्यांची योजना असे. १९७५ सालीं शिवाजीनगरांत रमामणि अय्यंगार स्मारक योगसंस्था निघाली. तेथील रुग्णवर्गांत एकाच दालनांत अनेक रोगी असत, पण प्रत्येकाची मांडणी वेगळी. १९८५ सालीं मुंबईंत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. पुढें पुण्यासहि तिची शाखा निघाली.

अय्यंगारांच्या पद्धतीची कसोटी मात्र परदेशांत लागली. ऑरेगॉनच्या संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ६९ रोग्यांच्या तीन तुकड्या होत्या. एकीस सहा महिने दर आठवड्यास आसनांचा वर्ग, दुसरीस जागच्या जागीं चालणाऱ्या सायकलीचा, तिसरी नुसती प्रतीक्षेंत. पहिल्या दोघींचा थकवा स्पष्टपणें कमी झाला. स्मृति किंवा एकाग्रता यांत फरक पडला नाहीं; आणि आसनें सायकलीहून सरस ठरलीं असेंहि नाहीं. योगाभिमान्यांस हें खटकेल. रोग्यास खटकण्याचें कारण नाहीं. त्याला हवा आहे दिवसाचा उरलेला अर्धा भाग.

व्याधि यानें बरी होत नाहीं. शिवाय ऊटहॉफचें निरीक्षण दख्खनच्या उन्हाळ्यांत विसरून चालणार नाहीं: वर्ग सकाळच्या गारव्यांत, पंख्याखालीं, मधून मधून विसांवा घेत चालावा. नारायणगांवालगतच्या वारूळवाडीहून पुण्यास यावयाचें तर सुमारें पाऊणशें किलोमीटरांचा नाशिक रस्ता तुडवावा लागतो. आणि मे महिन्यांत वर्गाच्या दाराशीं पोंचेपर्यंत त्या दिवसाची शक्ति एस.टी.च्या बांकावरच सरलेली असावयाची.