सयाजीराव नावाचा घोडा आणि बडोद्याचा हिशेब (धागा)

१/
सप्टेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना लोटला होता. इंग्लंडमधील डॉनकास्टरच्या मैदानावर 'सेंट लेजर' ही मानाची शर्यत झाली आणि तीत 'सयाजीराव' निसटत्या फरकाने, अवघ्या एका डोक्याच्या अंतराने पहिला आला. हा सयाजीराव म्हणजे घोडा. मालक : बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

२/
हा धागा त्या शर्यतीचा आहे. तिला जाणाऱ्या पाहुण्याला काय दिसे, काय दिसत नसे आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा जाब बडोद्याच्या प्रजेने कसा विचारला, ते पाहू.

३/
आधी शर्यतीविषयी. सेंट लेजर १७७६ पासून धावली जाते. एप्सम डर्बीपेक्षाही ती जुनी. धावतात ती फक्त तीन वर्षांची घोडी आणि घोडे, अंतर सुमारे २.९ किलोमीटर. 'टू थाउजंड गिनीज', डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकणाऱ्या घोड्याला 'ट्रिपल क्राउन'चा मान मिळतो. त्यामुळे सप्टेंबरातले ते दिवस म्हणजे शर्यतशौकिनांची वार्षिक जत्राच.

४/
अशा जत्रेत पाहुणा काय पाहतो? शर्यतीआधी घोडे रिंगणात फिरवले जातात. शौकीन त्यांची चाल, अंगावरची तकाकी, कानांची ठेवण न्याहाळतात. जॉकीच्या अंगातले रेशमी रंग मालकाचे असतात, त्याच्या निशाणासारखे. बुकी भाव पुकारतात. एका बाजूला उंची टोप्यांची मानकरी मंडळी, आणि टाउन मूरच्या मोकळ्या माळावर खाणकामगारांची कुटुंबे. डॉनकास्टर हा कोळसाखाणींचा मुलूख. बल्लारपूर-राजुऱ्याकडच्या वाचकांना त्या गर्दीतले चेहरे परके वाटणार नाहीत.

५/
पाहुण्याच्या हाती रेसकार्ड असते. त्यात घोड्याचे नाव, वय, वजन, बापाचे नाव, आईचे नाव, प्रशिक्षक, जॉकी आणि मालक. सयाजीरावच्या बापाचे नाव निअर्को, म्हणजे त्या काळच्या सर्वांत नामांकित वंशांपैकी एक. सख्खा भाऊ दान्ते, १९४५ च्या डर्बीचा विजेता. इतकी बारीक वंशावळ देणाऱ्या त्या कागदावर एकच गोष्ट नसते : घोडा ज्या पैशाने घेतला, तो पैसा कोठून आला.

६/
तो रकाना आपण भरू. १९४५ मध्ये हे वर्षाचे शिंगरू महाराजांनी लिलावात २८,००० गिनींना विकत घेतले. त्या वयाच्या जनावराला तोवर मिळालेली ही विक्रमी किंमत होती. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे ही रक्कम २९,४०० पौंड. रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स या तेव्हाच्या दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये.

७/
आता नावाकडे वळू. तिसरे सयाजीराव हे प्रतापसिंहरावांचे आजोबा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. १९०६ मध्ये त्यांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. गावोगाव वाचनालये उघडली. १९१३ मध्ये एका तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर.

८/
ती शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड. तीन वर्षांचे ४१४ पौंड. आता २९,४०० ला ४१४ ने भागून पाहा. उत्तर येते ७१. मधल्या तीस वर्षांत पौंडाची किंमत घसरली होती, हे ध्यानात घेऊन हा आकडा कमी धरावा लागेल. तरी प्रमाण कळायला तो पुरेसा आहे. आजोबांनी एकाच खजिन्यातून एक आंबेडकर घडण्यास हातभार लावला. नातवाने त्याच घराण्याच्या वैभवावर आजोबांच्या नावाचा घोडा घेतला.

९/
पण प्रतापसिंहरावांना एकटे उधळे ठरवणे सोपे आहे, आणि अपुरेही. संस्थानिक इंग्लंडच्या रेसकोर्सवर का जात, हे समजून घ्यावे लागते. बडोदा हे २१ तोफांच्या सलामीच्या पाच संस्थानांपैकी एक. परंतु लढाई, तह, परराष्ट्रव्यवहार हे सारे इंग्रजांच्या हाती. तलवार म्यानात गेलेल्या राजाला इंग्लंडच्या राजाच्या बरोबरीने उभे राहण्याची जी थोडी ठिकाणे उरली, त्यांत घोडेमालकांचा कक्ष हे एक होते. तेथे घोडा जिंकला की गोऱ्या जगाने टाळ्या वाजवल्याच पाहिजेत.

१०/
म्हणूनच राजपिपळ्याच्या महाराजांचा विंडसर लॅड १९३४ ची डर्बी जिंकतो आणि तिसरे आगाखान पाच वेळा डर्बीचे मानकरी होतात. प्रतापसिंहरावांनी तर न्यूमार्केटला 'वॉरन प्लेस' ही पागाच विकत घेतली, सॅम आर्मस्ट्राँग हे प्रशिक्षक तेथे आणले आणि एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी नेमला. सेंट लेजरमध्ये सयाजीरावच्या पाठीवर हाच ब्रिट होता. पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू' या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली.

११/
घरच्या मैदानावरही बडोदेकर मागे नव्हते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने. मालक पुन्हा बडोद्याचे महाराज, जॉकी पुन्हा ब्रिट. त्याच वर्षी मद्रासच्या शर्यतींत महाराजांची पिठापुरमच्या सीतादेवींशी भेट झाली आणि पुढे विवाह. संस्थानात द्विभार्याबंदीचा कायदा असताना हे दुसरे लग्न कसे, या प्रश्नावर महाराजांचा पवित्रा असा की, कायदा प्रजेसाठी असतो.

१२/
न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, आज बडोद्याचा लौकिक ज्या महाराजा सयाजीराव विद्यापीठामुळे आहे, ते १९४९ मध्ये स्थापन झाले ते प्रतापसिंहरावांच्याच पुढाकाराने. आजोबांचे नाव त्यांनी दोनदा वापरले : एकदा घोड्याला, एकदा विद्यापीठाला. माणूस एकरंगी नसतो.

१३/
पण खजिना प्रजेचा होता. १९४८ मध्ये महाराज परदेशात असताना धारासभेच्या प्रतिनिधींनी खजिन्यातून उचललेल्या कोट्यवधी रुपयांचा हिशेब मागितला. त्याच वर्षी जीवराज मेहता यांच्याकडे लोकनियुक्त कारभाराची सूत्रे आली. प्रजामंडळाने वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे हे फळ. राजाच्या खासगी खर्चाचे आकडे लोकप्रतिनिधींनी मागणे, ही बडोद्यातली खरी क्रांती होती. तिचा आवाज कुठल्याही शर्यतीच्या गलक्यापेक्षा मोठा होता.

१४/
१ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले. महाराजांना वर्षाला २६ लाख ५० हजार रुपये तनखा ठरला. पुढे त्यांनी विलीनीकरणालाच आव्हान दिले, तेव्हा १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून पुत्र फत्तेसिंहराव यांना गादीवर मानले. प्रतापसिंहराव १९६८ मध्ये लंडनला वारले.

१५/
हे जिवतीहून का लिहावे? कारण सयाजीराव डॉनकास्टरला धावत होता, तेव्हा आमचा हा माणिकगडचा डोंगराळ मुलूख राजुऱ्यासह निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे 'सर्फ-ए-खास' नावाची व्यवस्था होती : काही मुलखाचा महसूल थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जाई. बडोद्याच्या प्रजेला हिशेब मागायला निदान धारासभा होती. आमच्या आजा-पणज्यांना असा हिशेब मागण्याची सोय नव्हती. हैदराबादेत हा प्रश्न सुटायला सप्टेंबर १९४८ मधली लष्करी कारवाई व्हावी लागली.

१६/
आणि हा प्रश्न संस्थानांबरोबर इतिहासजमा झालेला नाही. महालक्ष्मी रेसकोर्सची सुमारे २११ एकर जमीन सार्वजनिक मालकीची. तिचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि २०२४ मध्ये सुमारे १२० एकर जागा लोकांच्या उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे, अशी वाटणी ठरली. ही वाटणी बरी की वाईट, यावर मतभेद राहोत. पण जमीन कोणाची आणि ती वापरते कोण, हे चारचौघांत विचारले गेले, याचे मोल मोठे आहे.

१७/
इंडियन डर्बी आजही फेब्रुवारीच्या सुरुवातीला महालक्ष्मीला धावते. जमल्यास जरूर जा. रिंगणाजवळ उभे राहून घोडे पाहा. इतके देखणे जनावर क्वचितच दिसते. विदर्भाच्या शंकरपटात बैलजोडी सुटताना छातीत जे धडधडते, तेच तेथेही धडधडते. सौंदर्याचा आनंद घेण्यात गैर काही नाही.

१८/
फक्त हातातल्या रेसबुकात जो रकाना छापलेला नसतो, तो मनात जोडून घ्या. सयाजीराव नावाचा घोडा उत्तम होता. ज्यांच्या कष्टातून बडोद्याचा खजिना भरला, त्या कुणब्यांनी, कोळ्यांनी, भिल्लांनी त्याला धावताना कधी पाहिले नाही. त्याचे बिल मात्र त्यांच्याच नावावर फाटले होते.

(आपल्या भागातल्या संस्थानिकांच्या शर्यती, पागा, शंकरपट यांच्या आठवणी घरातल्या जुन्या माणसांकडे असतील, तर खाली अवश्य लिहा. पुढचा धागा त्यांतूनच उभा राहील.)

#इतिहास #मराठी #धागा